जोडपे एक, फायली दोन

तुळशीचे लग्न पार पडले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. बडोद्यातल्या मराठी घरांत नवे जोडपे आले की पूर्वी एकच प्रश्न असे, "कुलदैवताला कधी जाणार?" आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला आहे, "दादाकडे कधी जाणार?" दादा न्यू जर्सीत असतो, ताई लंडनजवळ असते, मावशी टोरांटोला. लग्नानंतरचा पहिला परदेश प्रवास हा आता केवळ हौसेचा मधुचंद्र उरलेला नाही. जे नातेवाईक मांडवात येऊ शकले नाहीत, त्यांच्या पाया पडायला नवे जोडपे निघते. लग्नानंतरचे केळवणच म्हणा ना!

हा बदल चांगला की वाईट, हा या लेखाचा विषय नाही. नाती जपण्यासाठी कोणी सात समुद्र ओलांडत असेल तर आम्हाला आनंदच आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. घर या प्रवासाकडे एका जोडप्याचा प्रवास म्हणून पाहते. वकिलात, बँक, विमान कंपनी, आयकर खाते आणि सीमाशुल्क खाते यांना मात्र जोडपे दिसत नाही. त्यांना दोन स्वतंत्र माणसे दिसतात. दोन पासपोर्ट, दोन अर्ज, दोन पॅन, दोन निर्णय. घराने हे लक्षात न घेता तयारी केली की अडचण येते, आणि त्या अडचणीचा भार बहुतेक वेळा नव्या सुनेवर पडतो. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो आहोत. पुढे दिलेले दर आणि नियम नोव्हेंबर २०२५ मधले आहेत. अर्ज करण्यापूर्वी ते एकदा ताडून पाहावेत.

मांडवातल्या रिकाम्या खुर्च्या

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेला भाऊ पूर्वी तीन आठवड्यांची रजा काढून लग्नाला येत असे. व्हिसाचे नूतनीकरण असेल तर कागद जमा करून, मुलाखत न देता ते बहुधा उरकत असे. २ सप्टेंबर २०२५ पासून ही मुलाखतीची सवलत बहुतेकांसाठी बंद झाली. ६ सप्टेंबरपासून आणखी एक नियम आला. तात्पुरत्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच मुलाखत द्यावी. म्हणजे दुबई किंवा बँकॉकला जाऊन लवकरची तारीख मिळवण्याची वाटही बंद झाली. १९ सप्टेंबरला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर आकारण्याचा आदेश काढला. जुन्या व्हिसाधारकांना तो लागू नाही असा खुलासा लगेच झाला, पण मधल्या दोन दिवसांत किती घरांची झोप उडाली हे आपण सर्वांनी पाहिले. एच-१बीच्या मंजुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांना मिळतात. साहजिकच हा प्रश्न आपल्या घरात येऊन बसला.

अशा वेळी तिकडचा माणूस हिशेब करतो. भारतात गेलो, मुलाखतीची तारीख लांबली, तर नोकरीचे काय? घराच्या हप्त्याचे काय? मुलांच्या शाळेचे काय? मग तो लग्न मोबाइलच्या पडद्यावर पाहतो आणि म्हणतो, "तुम्हीच या दोघे." त्यात मायेचा अभाव नसतो. मांडवात सख्खा भाऊ दिसला नाही म्हणून नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांनी हे समजून घ्यायला हवे. प्रवासाची दिशा उलटी झाली आहे आणि तिची कारणे कुटुंबाच्या हातातली नाहीत.

खिडकीपाशी दोघे, निर्णय एकेकाचा

अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसाचे शुल्क माणशी १८५ डॉलर आहे. डॉलरचा भाव ८८ रुपये धरला तर दोघांचे मिळून साडेबत्तीस हजार रुपये होतात, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. शिवाय ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्यात व्हिसा मिळणाऱ्यांकडून आणखी २५० डॉलर घेण्याची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्याची वसुली सुरू झालेली नव्हती, पण अंदाजपत्रकात ती धरून ठेवलेली बरी. बडोद्याच्या माणसाला मुलाखतीसाठी मुंबई गाठावी लागते. नवरा-बायको एकाच खिडकीपाशी उभे राहू शकतात, पण अधिकारी निकाल देतो तो प्रत्येकाच्या अर्जावर.

अमेरिकी कायद्याच्या २१४(बी) या कलमाचे गृहीतक असे आहे की अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे. तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. पन्नाशीतल्या माणसाजवळ घर, नोकरीची वीस-पंचवीस वर्षे, मुले, म्हातारे आई-वडील असे परतण्याचे दोर असतात. नव्या जोडप्याजवळ ते थोडे असतात. त्यातही सुनेची बाजू अधिक कच्ची दिसते. समजा, पुण्यात नोकरी करणारी मुलगी लग्न करून बडोद्यात आली. तिने जुनी नोकरी सोडली, नवी अजून लागलेली नाही, बँक खाते पुण्याचे, पत्ता माहेरचा. तिच्या सासरच्या माणसांना ती घरची सून आहे. खिडकीतल्या अधिकाऱ्याला ती नोकरी नसलेली, सख्खा दीर अमेरिकेत असलेली तरुणी आहे. नवऱ्याला व्हिसा मिळाला आणि तिला नाकारला, असे घडू शकते.

इथे आमचे ज्येष्ठांना एक सांगणे आहे. व्हिसा नाकारला गेला तर त्याचा पायगुणाशी संबंध जोडू नका. "आमच्या मुलाला कधी कोणी नकार दिला नव्हता," असे एक वाक्य चारचौघांत बोलले गेले तर ते त्या मुलीच्या मनात वर्षानुवर्षे राहते. २१४(बी) खालचा नकार हा कलंक नाही. परिस्थिती बदलल्यावर नवे शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. तिला नवी नोकरी लागून सहा महिने होऊ द्या आणि मग अर्ज करा, हा सल्ला कंटाळवाणा वाटेल, पण तो अनेकदा उपयोगी पडतो. घाई कशासाठी? दादा तिथेच आहे.

एक इशाराही दिला पाहिजे. अर्जापूर्वी आठ दिवस काकांकडून पाच लाख आणून खात्यात ठेवायचे आणि नंतर परत करायचे, असा सल्ला देणारे एजंट आपल्या शहरात आहेत. आम्ही बँकेत आयुष्य घालवले आहे. सहा महिन्यांच्या उताऱ्यात असा आकडा डोंगरासारखा उठून दिसतो आणि तो पाहायला तज्ज्ञ लागत नाही. त्यापेक्षा दोन लाखांचे खरे खाते बरे. खोटी नोकरी, खोटा पगार लिहिला तर अमेरिकेत कायमची बंदी येऊ शकते, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची. सहलीसाठी एवढी किंमत कोणी मोजू नये.

नाव बदलायचे का, आणि कधी

बडोद्याला या प्रश्नाचा जुना इतिहास आहे. महाराज सयाजीराव तिसरे १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले, तेव्हा महाराणी चिमणाबाई त्यांच्याबरोबर होत्या. त्या देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई. लग्नात नाव बदलले आणि दोन वर्षे व्हायच्या आत त्या समुद्रापार गेल्या. तेव्हा नाव बदलल्याने काही अडत नव्हते, कारण भारतात पासपोर्टचा कायदाच १९२० साली आला. पुढे १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थानाविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिणाऱ्यांत त्यांचे नाव आले. पहिल्या परदेश प्रवासाने माणूस किती मोठा होऊ शकतो, याचे उदाहरण आपल्या गावातच आहे.

आज मात्र नावाचे एक अक्षर चुकले तरी विमानतळावर थांबवतात. तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलेच पाहिजे. लग्नात ताटातल्या तांदळावर कोणते नाव लिहिले, याच्याशी विमान कंपनीला कर्तव्य नाही. आमच्या पाहण्यात असे घडले आहे की सासऱ्यांनी कौतुकाने सुनेचे तिकीट नव्या नावाने काढले, पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा होता. पुढे दुरुस्तीसाठी धावपळ, दंड आणि घरात रुसवे-फुगवे.

लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालतो. पासपोर्टसाठी विवाह दाखला जोडण्याची सक्ती परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्येच काढून टाकली. जोडीदाराचे नाव घालायचे असेल आणि दाखला हाताशी नसेल, तर दोघांच्या एकत्र छायाचित्रासह सह्या केलेले संयुक्त निवेदन देता येते. नाव बदलायचे किंवा जोडीदाराचे नाव घालायचे, तर पासपोर्ट नव्याने घ्यावा लागतो. ३६ पानी पुस्तिकेचे शुल्क १,५०० रुपये आणि तातडीने हवी असल्यास वर २,००० रुपये. मुलीच्या जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आधीच असेल तर जास्त विचार करावा. कायदेशीर नाव बदलले की सर्वसाधारणपणे तो व्हिसाही नव्याने घ्यावा लागतो.

खरी अडचण अर्धवट बदलाने होते. पासपोर्ट नव्या नावाचा, पॅन जुन्या नावाचे, बँक खाते तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले, पदवीचे प्रमाणपत्र आणखी वेगळे. मग परकीय चलन घेताना, विमा काढताना, प्रत्येक ठिकाणी खुलासा. आमचा सल्ला सरळ आहे. पहिला प्रवास होईपर्यंत काहीही बदलू नये. परत आल्यावर बदलायचे असेल तर सगळे एका ओळीने बदलावे. आणि बदलायचे की नाही, हे तिने ठरवावे. आडनाव तेच ठेवले म्हणून ती सासरची कमी होत नाही.

विवाह नोंदणी मात्र टाळू नये. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्व विवाहांच्या नोंदणीबाबत निर्देश दिले आणि गुजरातने त्याच वर्षी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९८ चा आहे. आपल्याकडे मुलगा बडोद्याचा, मुलगी पुण्याची आणि कार्यालय नाशिकचे असे असते. नोंदणी कुठल्या निबंधकाकडे, हे लग्नाआधीच विचारून ठेवावे, म्हणजे भटजी, साक्षीदार आणि सह्या यांची नंतर शोधाशोध होत नाही. दाखला केवळ गुजराती किंवा मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

पैसा कोणाच्या खात्यातून

परदेश प्रवासावर देश किती खर्च करतो, याची कल्पना रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांवरून येते. उदारीकृत प्रेषण योजनेखाली २०२४-२५ मध्ये निवासी भारतीयांनी बाहेर पाठवलेल्या रकमेपैकी जवळजवळ १७ अब्ज डॉलर प्रवासासाठी होते. एकूण रकमेच्या निम्म्याहून ते अधिक आहे. सरकारचे लक्ष तिकडे असणे स्वाभाविक आहे.

या योजनेत प्रत्येक व्यक्तीला वर्षाला २ लाख ५० हजार डॉलर बाहेर पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा होणारा कर, लागत नाही. त्यापुढे प्रवासासारख्या कारणांसाठी २० टक्के लागतो. पर्यटन कंपनीच्या पॅकेजला मात्र सूट नाही. तिथे २०२५-२६ मध्ये पहिल्या रुपयापासून १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि पुढे २० टक्के कर होता. केवळ विमानाचे तिकीट घेतले तर ते पॅकेज ठरत नाही. त्यात तिकीट, हॉटेल आणि तत्सम खर्च यांपैकी निदान दोन गोष्टी असाव्या लागतात. तेव्हा नुसते तिकीट काढून दादाच्या घरी उतरणाऱ्या जोडप्याला हा कर लागत नाही. दादाकडे आठ दिवस आणि नंतर दहा दिवसांची सहल असा बेत असेल, तर सहलीच्या पॅकेजवर लागतो.

आता जोडपे एक, फायली दोन, हे तत्त्व इथे लावून पाहू. समजा २०२५-२६ मध्ये १४ लाखांचे पॅकेज होते आणि सगळे पैसे मुलाच्या किंवा त्याच्या वडिलांच्या एकाच पॅनवर भरले. टीसीएस झाला १० लाखांवर ५० हजार आणि उरलेल्या ४ लाखांवर ८० हजार, एकूण १ लाख ३० हजार रुपये. दोघांनी आपापल्या खात्यातून सात-सात लाख भरले, तर प्रत्येकी ३५ हजार, एकूण ७० हजार. हा कर बुडत नाही. तो विवरणपत्रात वळता करता येतो किंवा परत मिळतो. पण तोवर रक्कम अडकून राहते. ज्याच्या पॅनवर कर जमा झाला, त्यालाच तो मागता येतो. सुनेचे उत्पन्न करपात्र नसेल तरी परताव्यासाठी तिने विवरणपत्र भरावे लागते. "तिला कशाला रिटर्न?" हा प्रश्न त्यामुळे निकालात निघतो. कमावत्या मुलीने आपला वाटा आपल्या खात्यातून देणे हे हिशेबालाही सोयीचे आणि मानालाही.

बरोबर नेण्याच्या चलनाचे नियम साधे आहेत. एका प्रवासाला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंत, बाकी कार्डावर. भारतीय रुपये माणशी २५ हजारांपर्यंत. क्रेडिट कार्डाने परदेशात केलेला खर्च सध्या या योजनेच्या मर्यादेत धरला जात नाही, पण बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के वाढीव आकार असतो. दुकानदार "रुपयांत घेऊ का?" असे विचारतो, तेव्हा नको म्हणावे आणि तिथल्याच चलनात द्यावे. रुपयांत घेताना भाव तो ठरवतो. दोघांजवळ वेगवेगळी कार्डे असावीत. एकाचे कार्ड अडले की दुसऱ्याचे चालते, आणि सुनेला आईस्क्रीम घ्यायलाही नवऱ्याचे पाकीट मागावे लागत नाही.

अंगावरचे सोने

नव्या सुनेने मंगळसूत्र, पाटल्या, तोडे घालून जाऊबाईंकडे जावे, अशी घरच्यांची इच्छा असते. जाताना कोणी अडवत नाही, अडचण परतताना येते. २०१६ च्या सामान नियमांप्रमाणे दागिन्यांची करमुक्त सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांना होती. पुरुषाला २० ग्रॅम आणि ५० हजार रुपये, स्त्रीला ४० ग्रॅम आणि १ लाख रुपये. महिनाभरासाठी गेलेल्या जोडप्याला ती नव्हतीच.

या मर्यादेकडे जरा बँकरच्या नजरेने पाहा. २०१६ मध्ये ४० ग्रॅम सोने लाख-सव्वा लाखाचे होते, म्हणजे वजन आणि किंमत यांचा मेळ होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये १० ग्रॅमला सव्वा लाखाच्या आसपास भाव होता. ४० ग्रॅमचे पाच लाख होत होते, किंमत मात्र एक लाखावरच अडकली होती. एका तोळ्यातच ती संपत असे. परदेशात वर्षानुवर्षे राहणारी आपली लेक माहेरी येई, तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्यांनीही ही मर्यादा ओलांडली जाई. हे नियम भावाशी जोडून सुधारायला हवे होते, असे आमचे मत आहे.

व्यवहार सांभाळावा. जड दागिने लॉकरमध्ये ठेवावेत. जे न्यायचे त्यांच्या पावत्या आणि छायाचित्रे जवळ ठेवावीत. किमती वस्तू असतील तर निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे हे इथूनच नेले होते हे परतताना सिद्ध होते. त्यासाठी विमानतळावर तासभर आधी पोहोचावे लागेल.

अमेरिकेखेरीज

ब्रिटनचा सहा महिन्यांचा भेटीचा व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंडांचा झाला. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे भेटीला आलेल्या माणसाला आपल्या देशातल्या कचेरीचे काम लॅपटॉपवर करण्याची मुभा आहे, मात्र ते भेटीचे मुख्य कारण नसावे. अमेरिकेत ही बाब तितकी स्पष्ट नाही. तिथे रजा काढून जावे, "ताईकडे बसून वर्क फ्रॉम होम करू" असे कोणाला सांगत सुटू नये. ब्रिटनमध्ये बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि बर्फी बाद. चकली, भडंग, मेतकूट न्या.

कॅनडाचे शुल्क १०० डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५ डॉलर, दोन्ही कॅनडाच्या चलनात. दहा वर्षांचा व्हिसा तिथे पूर्वी सरसकट मिळे. नोव्हेंबर २०२४ पासून मुदत अधिकारी ठरवतो. "मावशीला दहा वर्षांचा मिळाला, तुम्हाला वर्षाचाच कसा?" ही तुलना आता निरर्थक आहे. युरोपातल्या शेंगेन देशांचे शुल्क ९० युरो आणि निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पुढचे विमान पकडायला वेळ कमी ठेवू नये.

निघण्यापूर्वी घरातली कागदपत्रे

१२ जून २०२५ चा दिवस गुजरातमधले कोणतेही घर विसरलेले नाही. अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान कोसळले आणि जमिनीवरचे धरून २६० माणसे गेली. त्यात मुलाबाळांना भेटायला निघालेले होते, घरी परतणारे होते. तेव्हापासून अनेक आजी-आजोबा "जाऊच नका" म्हणतात. भीती समजण्यासारखी आहे. पण भीतीचे उत्तर घरी बसणे नसून तयारी हे आहे.

लग्न झाले की भविष्य निर्वाह निधीचे नामनिर्देशन नव्याने करावे लागते. लग्नाआधीचे ग्राह्य राहत नाही. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशित करता येते आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो. पत्नी की आई, हा नव्या नवऱ्याचा जुना पेच या सोयीने सुटतो. मुलीनेही आपल्या खात्यांवर नवरा आणि आई-वडील यांची नावे विचारपूर्वक घालावीत. प्रवास विमा दोघांचा असावा. जुने आजार आणि गरोदरपण बहुतेक विम्यांत धरलेले नसते, ते वाचून घ्यावे.

आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक. परदेशात उतरल्यावर "हरवेल बाई" म्हणून सगळे पासपोर्ट एकाच मोठ्या माणसाच्या कपाटात ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. भावना काळजीची असते. पण १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो ज्याच्या नावावर आहे त्याच्याजवळच असावा. नवी सून अनोळखी देशात, नव्या माणसांत असते. तिचा पासपोर्ट, तिचे तिकीट, तिचे कार्ड आणि भारतीय वकिलातीचा फोन क्रमांक तिच्या पर्समध्ये असणे हा अविश्वास नाही. ज्या घरात विश्वास आहे, त्या घराला याचे वाईट वाटू नये.

यजमानांच्या बाजूने

शेवटी तिकडच्यांचाही विचार करू. निमंत्रणपत्र, पगाराचे कागद, घराचा पुरावा हे सगळे ते पाठवतात. पाहुण्यांसाठी रजा शिल्लक असतेच असे नाही. पंधरा वर्षांपूर्वी डॉलर ४५-४६ रुपयांना होता, आज ८८ च्या पुढे आहे. आपल्याला तिकडची प्रत्येक कॉफी महाग वाटते, म्हणून सगळा खर्च यजमानावर टाकायचा हे बरोबर नाही. त्याचा पगार डॉलरमध्ये असला तरी खर्चही डॉलरमध्येच आहे. तीन आठवडे राहायचे तर एका आठवड्याचा किराणा आपण भरावा, भांडी घासावीत, एक-दोन दिवस आपले आपण फिरून यावे. अमेरिकेत किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने देतो. त्याने सहा महिने दिले म्हणून दादाने सहा महिने ठेवावे असा अर्थ होत नाही.

आपल्या मंडळात निवृत्त बँक, विमा आणि पासपोर्ट खात्यातली बरीच मंडळी आहेत. लग्नसराईत दर महिन्याला एक रविवार सकाळी दोन तास बसून नव्या जोडप्यांचे कागद पाहून देणे आपल्याला जड नाही. त्यातून एजंटांचे काही हजार वाचतील. आमची अट एकच असेल. सूनबाईची फाइल घेऊन सासरेबुवांनी यायचे नाही. तिने स्वतः यावे, आपली फाइल आपल्या हाताने उघडावी आणि प्रश्न स्वतः विचारावेत. मुलाखतीच्या खिडकीपाशी तेच करायचे आहे.